भरल्या बैठकीत परत घेतलेलं वाक्य

डॉ. रत्नाकर सुरडकर यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असा गौरव समितीचा निरोप आला, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणून टाकलं. डॉक्टरसाहेबांच्या पदव्या, त्यांची खेडोपाडीची शिबिरं, त्यांना मिळालेल्या शाली आणि नारळ यांबद्दल लिहायला मोठमोठी माणसं आहेत. मी देऊळगाव राजाच्या त्यांच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांशी बोलणं हे माझं काम. पण समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सरलाताई, तुम्ही त्यांच्याकडे आधी पेशंट होत्या, मग सहकारी झाल्या. दोन्हीकडून त्यांना पाहिलेलं दुसरं कोण आहे?" म्हणून लिहिते आहे. गोड गोड लिहायची मला सवय नाही. डॉक्टरसाहेबांना ते ठाऊक आहे, इतरांनी सांभाळून घ्यावं.

माझं माहेर चिखली तालुक्यातलं उंद्री आणि सासर दुसरबीड. दुसरबीडला रस्त्यालगत आमचं हॉटेल आहे. माझे यजमान गजाननराव तेव्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत भट्टीसमोर उभे असत. भजी, वडे, मिसळ सगळं त्यांच्याच हातचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दुसऱ्यांदा माझं पोट पडलं होतं. मग सासूबाई मला घेऊन देऊळगाव राजाला आल्या. शेजारणींना सांगताना बालाजीच्या दर्शनाला चाललो म्हणून सांगितलं होतं, आणि खरं दिसावं म्हणून पिशवीत नारळही घेतला होता. तो नारळ मांडीवर धरून मी डॉक्टरसाहेबांच्या समोर बसले, ही आमची पहिली भेट.

डॉक्टरसाहेबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. सासूबाईंना विचारलं, "नवरा कुठं आहे हिचा?"

"त्याले कायले आणायचं? पोट हिचं पडते," सासूबाई म्हणाल्या.

"मग मीही हिला तपासत नाही. आधी त्याची तपासणी."

"बाप्पा! दिवस राह्यतात न हिले? मग त्याच्यात काय पाह्यचं?"

"बाई, पीक नीट आलं नाही तर तुम्ही नुसतं वावराला शिव्या देता का? बियाणं पाहता की नाही?"

बियाणं आणि वावराची ही उपमा मला तेव्हाही आवडली नव्हती, आजही आवडत नाही. बाई म्हणजे काही वावर नव्हे. पुढे दवाखान्यात रुजू झाल्यावर मी डॉक्टरसाहेबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग दुसरं काय म्हणू ते तुम्हीच शिकवा." तेव्हापासून ती उपमा आमच्या दवाखान्यातून हद्दपार झाली. पण त्या पहिल्या दिवशी तिच्यामुळे सासूबाई तपासणीला कबूल झाल्या होत्या, हेही खरं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाला घेऊन आल्या.

आधी पुरुषाची तपासणी, ही डॉक्टरसाहेबांची रीत या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी दवाखाना सुरू केला तेव्हा एकटी बाईच यायची, सोबत सासू नाहीतर जाऊ. वर्षानुवर्षं बायकांच्याच तपासण्या, बायकांच्याच पोटात गोळ्या, बायकांनाच उपास. नवऱ्याचं नाव काढलं की घरचे उठून चालू लागत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा सगळा कारभार. डॉक्टरसाहेबांनी ठरवलं की नवऱ्याची वीर्यतपासणी झाल्याशिवाय बाईच्या दंडाला सुईसुद्धा लावायची नाही. सुरुवातीला निम्मे पेशंट जालन्याला निघून गेले. त्यांनी जाऊ दिले.

दुसरी रीत त्यांना अनुभवाने घालून घ्यावी लागली. पुरुष रिपोर्ट घडी करून खिशात घालायचे आणि घरी जाऊन सांगायचे, "माह्यं सगळं ठीक आहे, तिच्यातच काहीतरी आहे." म्हणून डॉक्टरसाहेब आधी त्या माणसाला एकट्याला आत घेत, विचारत, "घरच्यांसमोर सांगू का?" तो हो म्हणाला, तर सोबत आलेल्या सगळ्यांना आत बोलावून रिपोर्ट मोठ्याने, साध्या मराठीत सांगत. सासूला कमी ऐकू येत असेल तर दोनदा सांगत. नाही म्हणाला, तर एक अक्षर बोलत नसत.

याचा एक प्रसंग आमच्या जुन्या सिस्टर नेहमी सांगतात. तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ होते. त्यांच्या तपासणीत शुक्राणू एकही नव्हता. ते डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "साहेब, नॉर्मल म्हणून सांगून टाका, तुमच्या दवाखान्यासाठी काय लागेल ते बोला." डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुमच्याबद्दल खोटं मी बोलणार नाही, आणि तुमची परवानगी नसेल तर खरंही बोलणार नाही. पण तुमच्या पत्नीला माझ्याकडून एक गोळी मिळणार नाही. कोणी विचारलं तर सांगीन, तिला औषधाची गरज नाही." गृहस्थ पाय आपटत गेले. आठ दिवसांनी पत्नीला घेऊन परत आले आणि स्वतःच तिला सांगितलं.

आमच्या वेळी मात्र अशी काही अडचण आली नाही. गजाननरावांचा रिपोर्ट उत्तम होता. संख्या भरपूर, हालचाल चांगली, आकारही ठीक. परवानगी विचारली तर गजाननराव छाती काढून म्हणाले, "सांगा की, बिनधास्त सांगा." मग डॉक्टरसाहेबांनी सासूबाईंना, मला आणि मोठ्या दिरांना आत बोलावलं आणि मोठ्याने सांगितलं, "पोरात काही दोष नाही."

हे चार शब्द दुसरबीडला आमच्या आधी पोचले असावेत. सासूबाईंनी ते पीठगिरणीवर सांगितले, लग्नात सांगितले, तेराव्याला सांगितले. "एवढ्या मोठ्या डॉक्टरनं सांगतलं, माह्या पोरात काही दोष नाही." त्यांचंही काही चुकत नव्हतं; डॉक्टरांनी सांगितलेलंच त्या सांगत होत्या. माझ्याही सगळ्या तपासण्या झाल्या. त्यांत काही निघालं नाही. पण माझ्यात काही निघालं नाही, हे कोणी पीठगिरणीवर सांगितलं नाही. नणंदेच्या डोहाळजेवणाला मला मागच्या खोलीत पुऱ्या लाटायला बसवलं. ओटी भरायला पाच सवाष्णी हव्या होत्या, मला सोडून घरात चारच होत्या. पाचवी शेजारून बोलावून आणली. त्या दिवशी मी पुऱ्या लाटल्या आणि रडले नाही. राग एवढा आला होता की रडूच फुटेना.

तिसऱ्यांदाही तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्यानंतर मला आरामासाठी म्हणून उंद्रीला पाठवलं आणि न्यायला कोणी आलं नाही. चार महिन्यांनी निरोप आला की दोन्हीकडची चार माणसं बसवू आणि सोडचिठ्ठीचं बोलून घेऊ. सासूबाईंनी लोणारकडची मुलगी पाहून ठेवली होती, हेही कानावर आलं. गजाननरावांचा फोन अधूनमधून यायचा. "मी काय करू, आई ऐकत नाही," एवढंच ते बोलत. मला तेव्हा त्यांचा फार संताप यायचा. नवरा वाईट असता तर एक बरं झालं असतं, पण हे वाईट नव्हते, नुसते मूग गिळून बसलेले होते.

आता डॉक्टरसाहेबांकडे येते, कारण नेमक्या त्याच काळात ते विद्यार्थी झाले होते. साठी उलटल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. डॉक्टरसाहेब पुरुषांच्या वंध्यत्वावरचा नवा अभ्यासक्रम शिकायला मोठ्या शहरात गेले. वर्गात बाकी सगळी त्यांच्या मुलांच्या वयाची. तिथे त्यांना जे समजलं ते त्यांनी मला पुढे कितीदा तरी समजावून सांगितलं, आणि आज मी तेच जोडप्यांना सांगते. त्यामुळे इथे थोडक्यात लिहायला हरकत नाही.

आपण इतकी वर्षं शुक्राणू मोजले, पळतात कसे ते पाहिलं, त्यांचं डोकं-शेपूट पाहिलं. त्या डोक्यात जो माल भरलेला असतो, बापाकडून मुलाला जाणारा डीएनए, तो धड आहे की तुटलेला, हे त्या तपासणीत दिसतच नाही. डीएनए म्हणजे लांबच लांब धागा. शुक्राणूच्या एवढ्याशा डोक्यात मावावा म्हणून शरीर तो विशिष्ट प्रथिनांभोवती अतिशय घट्ट दाबून बसवतं, जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबतात तसा. ही बांधणी सैल राहिली की धागा उघडा पडतो. त्यात शरीरातच तयार होणारे ऑक्सिजनचे तापट रेणू त्याच्यावर तुटून पडतात. असे रेणू थोडे असले तर कामाचेच असतात, पण प्रमाणाबाहेर वाढले की शुक्राणूचं आवरण खराब करतात आणि आतला धागा जागोजागी तोडतात. इतर पेशींकडे अशा वेळी बचावाची सामग्री असते, दुरुस्तीची सोय असते. शुक्राणूने पळायला हलकं व्हावं म्हणून ते सगळं आधीच टाकून दिलेलं असतं. त्यामुळे तो दिसायला ठणठणीत, पळायला पटाईत आणि आतून फाटलेला, असं होऊ शकतं. स्त्रीचं बीज त्यातली काही फाटाफूट शिवून घेतं. पण शिवून शिवून ते तरी किती शिवणार? मग गर्भ राहतो, आणि कधी कधी टिकत नाही.

हे रेणू वाढतात कशाने? तंबाखू, खर्रा, दारू, जुनाट जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, फवारणीचं विष, अंडकोषाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील. आणि उष्णता. अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणूनच. आमचे गजाननराव दिवसभर कमरेइतक्या उंच भट्टीला चिकटून उभे राहत आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरत.

शिकून परत आल्यावर दुसरा एखादा डॉक्टर पाटीवर नवी पदवी रंगवून घेतो. डॉक्टरसाहेबांनी जुने पेशंट आठवायला घेतले. ज्या ज्या पुरुषाबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर "दोष नाही" म्हटलं होतं आणि तरी ज्यांच्या घरी गर्भ टिकला नव्हता, त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला. "मी तेव्हा अर्धीच तपासणी केली होती. पुन्हा या, पैसे लागणार नाहीत." बरेच जण आले नाहीत. काहींची दुसरी लग्नं झाली होती. गजाननराव मात्र तपासणीला गेले. नमुना संभाजीनगरच्या लॅबला गेला.

गजाननराव तपासणीला गेल्याचं मला माझ्या नणंदेकडून कळलं. मी तडक डॉक्टरसाहेबांना फोन लावला. "रिपोर्ट काय आला?"

"सरलाताई, ते मला सांगता येणार नाही. त्यांनाच विचारा."

"ते फोन उचलत नाहीत. येत्या रविवारी उंद्रीला बैठक आहे. सोडचिठ्ठीची. तुमचं ते वाक्य पुढं करून मला घराबाहेर काढून राहिले आणि तुम्ही म्हणता सांगता येत नाही? काऊन येत नाही?"

"त्यांनी परवानगी दिलेली नाही."

रागाच्या भरात मी खूप बोलले. "तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा, माझा संसार मोडायला चाललाय," असंही म्हणाले आणि फोन आपटला. मला कळायचं ते कळलं होतं. रिपोर्ट चांगला असता तर लपवायचं कारणच काय होतं? पण मला कळून काय उपयोग? बैठकीत माझं कोण ऐकणार?

रविवारी आमच्या अंगणात मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सासरकडून सासूबाई, मोठे दीर, गजाननराव आणि गावचे दोघे. आमच्याकडून अण्णा, म्हणजे माझे वडील, काका आणि मामा. मी दाराच्या आत, आईजवळ. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं आणि दिरांनी विषयाला हात घातला, तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टरसाहेब होते. एसटीने चिखलीला आणि तिथून काळीपिवळीने आले होते. हातात छत्री, बुटांना चिखल. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. अण्णा तर त्यांना ओळखतही नव्हते.

डॉक्टरसाहेबांनी खुर्ची नाकारली. उभ्यानेच बोलले. ते शब्द मला जवळजवळ जसेच्या तसे पाठ आहेत.

"मी डॉक्टर सुरडकर. देऊळगाव राजाला या घरातल्या माणसांसमोर मी एक वाक्य बोललो होतो, 'पोरात काही दोष नाही.' ते वाक्य तुम्ही आज इथं पुरावा म्हणून आणलं असेल. ते वाक्य मी परत घेतो. तेवढं म्हणण्याइतकं ज्ञान मला तेव्हा नव्हतं. ही माझी चूक आहे, या मुलीची नाही. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच परत घ्यावं म्हणून आलो."

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "मंग आता काय म्हणता? दोष हाय का माह्या पोरात? हाव का नाई, एक सांगा!"

"ते मी सांगणार नाही."

"काऊन नाही? मंग आले कायले?"

"माझी चूक माझी आहे, ती मी सांगितली. दुसऱ्याचा रिपोर्ट माझा नाही."

मी आत बसून हे ऐकत होते. वाटलं, धावत जाऊन या माणसाला गदागदा हलवावं. एक शब्द, फक्त एक शब्द बोलला तर मी वाचते आणि हा दगडासारखा उभा! दीर हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, म्हणजे तुमचंच काही पक्कं नाही. मंग आम्ही आमचं पाहून घेतो." डॉक्टरसाहेबांनी मान खाली घातली. गजाननरावांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी सगळ्यांना समजलं असतं, म्हणून पाहिलं नाही. हे माझ्या फार पुढे लक्षात आलं.

आणि गजाननराव उठले. माझ्या नवऱ्याला चारचौघांत बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. 

"डॉक्टरसाहेब बोलत नाहीत, कारण मीच त्याईले नाही म्हणलो होतो. आई, दोष माह्यात आहे. माह्या धातूतले धागे तुटेल हायेत. भट्टीपायी, खर्र्यापायी, अजून कशापायी असतील. सरलाचं काहीच नाही. मी चार दिवसांपासून हे घेऊन फिरून राह्यलो, अन् हा म्हातारा माणूस चिखल तुडवत आपली चूक सांगाले आला. मले लाज वाटली."

 सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर रडले. इतक्या महिन्यांचं एकदम. काका म्हणाले, "बसा बे सगळे, जेवूनच जा आता." सोडचिठ्ठीसाठी आणलेल्या माणसांना आमच्याकडे वरण-भात आणि भरीत वाढलं गेलं. डॉक्टरसाहेबही पंगतीत बसले, गजाननरावांच्या शेजारी. हे सगळं नावानिशी लिहू का, असं मी गजाननरावांना विचारलं आहे. म्हणाले, "बैठकीत सांगतलं, मग पुस्तकात कायले लाजू?"

पुढचं सरळ आहे. भट्टीसमोर आचारी ठेवला आणि गजाननराव गल्ल्यावर बसू लागले. व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं. खर्रा दोनदा सुटला आणि दोनदा परत लागला. तिसऱ्यांदा मी पुडी हिसकावून मोरीत टाकली, तेव्हा सुटला. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा घाई करू नका, असं डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं. हमी त्यांनी कधीच दिली नाही. "यातलं काही केलं तर मूल होईलच असं नाही. केलं नाही तर होणारच नाही असंही नाही," ते म्हणत. ताकद वाढवण्याच्या जाहिराती करणाऱ्या भुकट्यांवर मात्र त्यांचा भारी राग. एकदा एका पेशंटने असा डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरसाहेबांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "चहात टाकून पाहा, निदान चहा तरी चांगला होईल." पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. डॉक्टरसाहेबांमुळे झाली असं लिहू नका, अशी त्यांची सक्त ताकीद आहे, कारण तेवढंच सगळं करूनही ज्यांना झालं नाही अशी जोडपी आम्ही दोघं रोज पाहतो. म्हणून तसं लिहीत नाही.

मुलगी बालवाडीत जाऊ लागली तेव्हा त्यांनीच मला दवाखान्यात बोलावलं. "तुम्ही मला फोनवर जे बोललात ना," ते म्हणाले, "तसं बोलणारं माणूस इथं पाहिजे. बायका माझ्यासमोर गप्प बसतात." पहिल्या दिवशी मी पाहिलं की पुरुषांना नमुना द्यायला संडासात जावं लागतं आणि बाहेर रांगेतली माणसं दार वाजवतात. मी म्हटलं, हे काय! लाजेने माणूस अर्धमेला झाल्यावर कसला नमुना अन् कसला रिपोर्ट? महिनाभरात डॉक्टरसाहेबांनी स्वतःची विश्रांतीची खोली त्यासाठी रिकामी करून दिली. आतून कडी, बाहेरून मागच्या गल्लीत उघडणारं दार. तेव्हापासून ते दुपारी खुर्चीतच डुलकी काढतात. घोरतात. हेही लिहू नका म्हणाले होते, पण एवढं तर मी लिहिणारच.

त्यांचं बोलणंही आता बदललं आहे. "दोष नाही" हे शब्द मी दवाखान्यात रुजू झाल्यापासून त्यांच्या तोंडून कधीच ऐकलेले नाहीत. "आज आपण जे तपासलं त्यात काही दिसलं नाही," असं ते म्हणतात. लोकांना ते आवडत नाही. लोकांना हो की नाही हवं असतं. काही जण उठून जातात, आणि डॉक्टरसाहेब त्यांना जाऊ देतात.

ज्यांना ते जुनं वाक्य बोलले होते त्या सगळ्यांपर्यंत मात्र त्यांचा फोन पोचला नव्हता. म्हणून रविवारी ते अजूनही निघतात. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी सोबत असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सिंदखेड राजाजवळच्या एका खेड्यात गेलो. शोभाताईंकडे, हे नाव मी बदललं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी नवऱ्याने त्यांना टाकलं आणि दुसरं लग्न केलं. तेव्हापासून त्या भावाकडे राहतात. आता केस पिकले आहेत. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. डॉक्टरसाहेबांनी हात जोडून सांगितलं, "बाई, तेव्हा मी तुमच्या नवऱ्याबद्दल 'दोष नाही' म्हणालो होतो. तसं म्हणायला माझ्याकडे पुरेसा आधार नव्हता. त्यावरून दोष तुमच्यात आहे असं लोकांनी ठरवलं. तेही चूक होतं. मी माफी मागायला आलो आहे."

शोभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी त्यांचीच बाजू घेतली असती. त्या म्हणाल्या, "थांबा. एकटीले नका सांगू." आत गेल्या, भावजयीला हाताला धरून बाहेर आणलं. मग शेजारच्या दोन्ही घरांपुढे जाऊन हाका मारल्या, "या वं साऱ्याजणी, इकडे या." बायका आल्या, पदर सावरत उभ्या राहिल्या. शोभाताई सगळ्यांच्या पुढे, अगदी ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां डॉक्टर. आता सांगा. मोठ्यानं सांगा."

डॉक्टरसाहेब खांबाला धरून उठले आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

डॉक्टरसाहेब, या ग्रंथात सगळे तुम्हाला उदंड आयुष्य चिंततील, मीही चिंतते. साखर सांभाळा, गुडघ्यांना तेल लावा, दुपारची डुलकी सोडू नका. पण मी नुसती शुभेच्छा देऊन थांबणार नाही. ते आयुष्य मी तुमच्याकडे हट्टाने मागते. शोभाताईंसारख्या कितीतरी बायका या जिल्ह्यात कुणाच्या तरी मागच्या खोलीत अजून बसलेल्या आहेत. त्यांच्या दारात उभं राहून ते वाक्य परत घेणं फक्त तुम्हालाच शक्य आहे; तुमच्या वतीने मी गेले तर चालणार नाही. त्यातली शेवटची बाई ताठ उभी राहून "मोठ्यानं सांगा" म्हणेपर्यंत तुम्हाला जगायलाच हवं.